आठवा माणूस

अमेरिकन फुटबॉल मला बरीच वर्षं नुसता गोंधळ वाटायचा. शिट्टी, धडक, माणसांचा ढीग, पुन्हा शिट्टी. मिनियापोलिसला स्थायिक झालेल्या माझ्या आतेभावाने एकदा जुना सामना लावला, चेंडू हलायच्या आदल्या क्षणी चित्र थांबवलं आणि म्हणाला, "अरे, चेंडूकडे बघूच नकोस. समोरची माणसं मोज." मी मोजली. चेंडूच्या आसपास दाटीवाटीने आठ जण उभे होते. "आठ ना? म्हणजे ते याला घाबरलेत," असं म्हणून दादाने पडद्यावरच्या २८ नंबरच्या जर्सीवर बोट ठेवलं.

तो २८ नंबर म्हणजे मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा रनिंग बॅक एड्रियन पीटरसन. सामना २०१२ च्या मोसमातला होता. त्याच्या नऊ-दहा महिने आधी या माणसाच्या डाव्या गुडघ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती, हे दादाने नंतर सांगितलं. तेव्हापासून हा मोसम माझ्या मनातून गेला नाही. त्याचे सामने मी पुन्हा पुन्हा पाहिले, प्रत्येक वेळी चित्र थांबवून, आणि पाहता पाहता प्रश्न बदलत गेला. जखमी खेळाडू बरा कसा झाला, हा प्रश्न डॉक्टरांचा. तो बरा झाला आहे हे प्रतिस्पर्ध्यांना कधी पटलं, आणि पटल्यावर त्यांनी काय केलं, हा माझा प्रश्न. हे पुस्तक त्याचं उत्तर शोधतं.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्या वाचकासाठी थोडा हिशेब इथेच मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. पुढे जायचे मार्ग दोन : क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा, नाहीतर तो रनिंग बॅकच्या हाती देऊन त्याने माणसांच्या भिंतीतून वाट काढायची. पळायचं ठरलं की आक्रमणाकडे वाट मोकळी करायला पाच लाइनमन, एक टाइट एंड आणि एक फुलबॅक असे सात जण असतात. दोन रिसीव्हर कडेला दूर उभे. क्वार्टरबॅकने चेंडू दिला की त्याचं काम संपलं. अकरावा स्वतः रनिंग बॅक.

आता बचावफळीकडे बघा. चेंडूसमोरचा जो अरुंद पट्टा आहे, त्याला 'बॉक्स' म्हणतात. त्यात साधारण सात जण असतात : अगदी पुढे लाइनमन आणि त्यांच्या मागे लाइनबॅकर. दोन कॉर्नरबॅक कडेच्या रिसीव्हरांवर, आणि पार मागे दोन सेफ्टी, जे लांब फेकीवर लक्ष ठेवतात. सात अडवणारे, सात वाट काढणारे. प्रत्येकाने आपापला माणूस सांभाळला तर रनिंग बॅकला फट मिळते.

ही फट ज्याच्या हाती पडली की सामना हातचा जातो, असा धावपटू समोर असेल तर प्रशिक्षक मागच्या दोनपैकी एका सेफ्टीला पुढे बोलावतो. तो आठवा माणूस. त्याला अडवायला आक्रमणाकडे कोणी उरलेलं नसतं. त्याला चकवायचं किंवा अंगावर घेऊन पाडायचं, हे काम एकट्या रनिंग बॅकचं. पण आठवा माणूस फुकट येत नाही. मागे एकच सेफ्टी उरतो, कडेचे दोन्ही कॉर्नरबॅक एकटे पडतात, आणि लांब फेक एकदा सुटली की तिला गाठायला कोणी नसतं. म्हणून कुठलाही शहाणा प्रशिक्षक उगाच आठवा माणूस पुढे आणत नाही. रनिंग बॅक परतला की नाही, याचा दाखला माझ्या लेखी या आठव्या माणसाच्या पायांत असतो. वर्तमानपत्रं काहीही लिहोत, वैद्यकीय अहवाल काहीही म्हणो, तो सेफ्टी चार पावलं पुढे सरकला की समजावं, धाक परत आला.

२४ डिसेंबर २०११ ला तो धाक एका क्षणात गेला. मेरीलँडमधल्या लँडोव्हरला वॉशिंग्टनच्या संघाविरुद्ध सामना होता, उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. पीटरसन चेंडू घेऊन निघाला, डावा पाय जमिनीत रोवला आणि त्याच क्षणी बचावपटू डीजॉन गोम्स त्या गुडघ्यावर आदळला. धडक नियमातली होती. पाय रोवलेला नसता तर कदाचित तो नुसता पडला असता. पण भार पायावर होता, पाय हिरवळीत रुतला होता, आणि गुडघा नको त्या दिशेला वाकला. एसीएल आणि एमसीएल हे दोन्ही लिगामेंट फाटले. ३० डिसेंबरला डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली.

एसीएल फाटणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कबड्डीच्या कुठल्याही तालमीत सांगावं लागत नाही. चढाईला गेलेला पोरगा मागे फिरताना गुडघा धरून खाली बसतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. पळता पळता थांबणं, एका पायावर वळणं, दिशा बदलणं, हे सगळं त्या आखूड दोरीसारख्या लिगामेंटवर चालतं. तो फाटला की सहसा शिवून जुळत नाही. शरीरातल्याच दुसऱ्या एखाद्या कंडऱ्याचा तुकडा घेऊन बहुतेक वेळा त्याच्या जागी बसवतात. तो तुकडा तिथे रुजायला, त्याचा लिगामेंट व्हायला कित्येक महिने लागतात. मांडीचे स्नायू तोवर सुकतात. आणि सगळं रुजल्यावरही एक गोष्ट उरते. धावताना माणूस त्या पायावर विश्वास टाकतो की नाही, हे त्याचं त्यालाही वळायच्या क्षणापर्यंत ठाऊक नसतं.

त्यामुळे रनिंग बॅकच्या पुनरागमनाचा इतिहास फारसा सुखाचा नाही. शिकागो बेअर्सच्या गेल सेयर्सचा उजवा गुडघा नोव्हेंबर १९६८ मध्ये निकामी झाला. पुढच्याच वर्षी तो १,०३२ यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला, आणि या पराक्रमाचं आजही कौतुक होतं. पण आकडे जवळून पाहिले की वेगळं दिसतं. १९६८ च्या मोसमात दुखापतीआधी एका धावेमागे त्याची सरासरी सहा यार्डांच्या वर होती, नंतर ती साडेचारच्या खाली आली. जिद्द तीच होती, मोकळ्या मैदानात निसटून जाणारा वेग गेला होता. १९७० मध्ये दुसरा गुडघा गेला आणि कारकीर्द संपत आली. डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या टेरेल डेव्हिसची गोष्ट आणखी चटका लावणारी. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले. १९९९ च्या चौथ्या सामन्यात गुडघा गेला, आणि त्यानंतरच्या दोन मोसमांत मिळून हजार यार्डही झाले नाहीत. उलट बाजूला बाल्टिमोरचा जमाल लुईस आहे. २००१ चा पूर्ण मोसम त्याने एसीएलपायी गमावला आणि २००३ मध्ये २,०६६ यार्ड काढले. म्हणजे परत येता येतं. पण लुईसला मध्ये एक मोसम मिळाला होता. पीटरसनने तेवढी वाट पाहिली नाही.

९ सप्टेंबर २०१२ ला मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध मोसमाचा पहिला सामना झाला. शस्त्रक्रियेला जेमतेम आठ महिने आणि काही दिवस झाले होते. त्याआधीच्या सराव सामन्यांत त्याला उतरवलंच नव्हतं. त्या दिवशी त्याने १७ वेळा चेंडू घेतला, ८४ यार्ड काढले, दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला, आणि व्हायकिंग्ज जादा वेळेत २६-२३ ने जिंकले. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो तिथेच परत आला. माझ्या हिशेबाने अजून नाही.

पहिल्या सहा सामन्यांचे आकडे असे : ८४, ६०, ८६, १०२, ८८, ७९. एकूण ४९९. चांगले आकडे आहेत, कुठल्याही संघाला चालतील. पण यात तो निसटून जाताना दिसत नाही. फट मिळते, चार-पाच यार्ड होतात, कोणीतरी मागून येऊन धरतो. दुखापतीच्या आधी याच माणसाने २००७ मध्ये सॅन दिएगोविरुद्ध एका सामन्यात २९६ यार्डांचा विक्रम केला होता. त्या काळात जिथे तो एका बचावपटूला मागे टाकून पुढच्या वीस यार्डांत नाहीसा व्हायचा, तिथे आता पकडला जात होता. सहावा सामना नेमका लँडोव्हरला होता. जिथे गुडघा फाटला, त्याच मैदानावर. १४ ऑक्टोबरला तो तिथे ७९ यार्ड धावला आणि संघ हरला. त्या संध्याकाळी त्याच्या मनात काय चाललं असेल, यावर मी पुस्तकात एक ओळही लिहिलेली नाही, कारण ते मला माहीत असायचं कारण नाही. पुढचं मात्र नोंदलेलं आहे.

पुढचे दहा सामने : १५३, १२३, १८२, १७१, १०८, २१०, १५४, २१२, ८६, १९९. बेरीज १,५९८. एका धावेमागची सरासरी साडेचारच्या आतून पावणेसातच्या वर गेली. मोसम संपला तेव्हा एकूण २,०९७ यार्ड झाले होते, म्हणजे माणसांच्या भिंतीतून जवळपास १.९ किलोमीटर. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला नऊ यार्ड कमी पडले.

या दहा सामन्यांवर पुस्तकाचा मोठा भाग खर्ची पडला आहे. त्यातल्या दोनबद्दल इथे सांगतो.

४ नोव्हेंबर, सिअ‍ॅटल. सीहॉक्सची बचावफळी त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात कमी गुण देणारी ठरली. कॅम चान्सलर हा त्यांचा सेफ्टी अंगापिंडाने लाइनबॅकरच वाटावा असा, पुढे येऊन पळणाऱ्याला आडवं करणं ही त्याची खासियत. आठवा माणूस कसा असावा, हे ठरवायचं तर त्याच्याकडे बोट दाखवावं. पीटरसनने त्यांच्याविरुद्ध १७ धावांत १८२ यार्ड काढले. एक धाव ७४ यार्डांची. म्हणजे सगळ्यात चांगला आठवा माणूसही पुरला नाही. पण सामना सीहॉक्सने ३०-२० ने जिंकला, कारण व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक ख्रिश्चन पाँडर त्या दिवशी फेकीतून फक्त ६३ यार्ड मिळवू शकला. त्याच सामन्यात संघाचा सगळ्यात चपळ रिसीव्हर पर्सी हार्विन याचा घोटा दुखावला आणि त्या मोसमात तो पुन्हा खेळला नाही. आता समोरच्या प्रशिक्षकांना कडेची फारशी भीती उरली नाही. सेफ्टी बिनधास्त पुढे येऊ लागले. पीटरसनचे सगळ्यात मोठे सामने यानंतरचे आहेत, हे मला या साऱ्या कहाणीतलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं. सगळ्यांना ठाऊक आहे चेंडू कुणाला मिळणार, आठ जण त्याच्याचसाठी उभे आहेत, आणि तरी तो २१० काढतो, २१२ काढतो, दोन्ही सामन्यांत एकेक धाव ८२ यार्डांची.

दुसरा सामना २३ डिसेंबरचा, ह्यूस्टन. टेक्सन्स तोवर चौदापैकी बारा सामने जिंकलेले, जे. जे. वॉट त्यांच्या आघाडीवर. त्यांनी पीटरसनला २५ धावांत ८६ वर रोखलं. दहा सामन्यांतला त्याचा सगळ्यात छोटा आकडा. वर्तमानपत्री भाषेत बचावफळी यशस्वी झाली. आणि सामना व्हायकिंग्जने २३-६ असा सहज जिंकला. हा सामना मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. पाँडर चेंडू पीटरसनकडे देण्याचा नुसता आविर्भाव करतो, आणि लाइनबॅकरांचे पाय पुढे पडतात. एक पाऊल, फार तर दीड. तेवढ्यात त्यांच्या मागे जागा मोकळी होते आणि चेंडू तिथे पोचतो. या डावपेचाला प्ले-अ‍ॅक्शन म्हणतात, आणि तो चालतो तो फक्त समोरच्याच्या भीतीवर. रनिंग बॅकचा धाक नसेल तर लाइनबॅकर जागचा हलत नाही. पीटरसनच्या नावावर त्या दिवशी ८६ यार्ड लिहिले गेले, पण ते दीड पाऊल कुठल्याच तक्त्यात लिहिलं जात नाही. पुनरागमनाचा खरा परिणाम मोजायचा तर तिथे मोजावा लागतो.

याला एक मर्यादाही आहे, आणि ती लपवून पुस्तक लिहिणं मला पटलं नसतं. धाक एकट्याने सामना जिंकून देत नाही. २ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये पीटरसन २१० यार्ड धावला आणि संघ २३-१४ ने हरला. आठवा माणूस पुढे आल्यावर मागे जी मोकळी जागा उरते, ती वापरता येणारा क्वार्टरबॅक हवा. शिवाय एकट्या पीटरसनची ही कमाई नव्हती. लाइनमनपैकी सेंटर जॉन सलिव्हन आणि नवखा लेफ्ट टॅकल मॅट केलिल, शिवाय फुलबॅक जेरोम फेल्टन यांनी सात जणांच्या बाजूचं काम चोख केलं, म्हणून आठव्याशी दोन हात करायची वेळ तरी आली. फेल्टनच्या पुढे जाऊन धडक घेण्याबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचकांनी वगळू नये.

३० डिसेंबर २०१२, मेट्रोडोम, समोर ग्रीन बे पॅकर्स. शस्त्रक्रियेला बरोबर एक वर्ष. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर घरी. ३४-३४ अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद. पीटरसनने चौतिसाव्यांदा चेंडू घेतला आणि २६ यार्ड काढत पॅकर्सच्या ११ यार्डांच्या रेषेपर्यंत नेला. विक्रमाला नऊ यार्ड हवे होते. आणखी एकदा चेंडू हाती दिला असता तर कदाचित झालेही असते. व्हायकिंग्जने त्याऐवजी ब्लेअर वॉल्शला मैदानात पाठवलं, त्याने २९ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना ३७-३४ ने जिंकला. आदल्या वर्षी फक्त तीन सामने जिंकलेला संघ दहा जिंकून बाद फेरीत गेला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू पीटरसन ठरला. उत्तम पुनरागमनाचा पुरस्कार मात्र मानेच्या शस्त्रक्रियांनंतर परतलेल्या पेटन मॅनिंगला मिळाला. बाद फेरीत पाँडर दुखापतीमुळे खेळू शकला नाही, पॅकर्सनी पीटरसनला ९९ यार्डांवर थांबवलं आणि व्हायकिंग्ज २४-१० ने बाहेर पडले.

या मोसमाचं एक ओझंही आहे. पीटरसननंतर एसीएल फाटलेल्या प्रत्येक रनिंग बॅकला लोक त्याच्या मापाने मोजू लागले. आठ महिन्यांत का नाही? पहिल्याच वर्षी का नाही? हे माप चुकीचं आहे आणि ते निष्ठुर आहे. सॅक्वॉन बार्कलीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये शिकागोत त्याचा गुडघा गेला. परतल्यावर २०२१ मध्ये तो ५९३ यार्ड धावला आणि लोकांनी त्याला संपवून टाकलं. २०२२ मध्ये १,३१२. आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जर्सीत २,००५. त्याच मोसमात त्याचा संघ सुपर बोल जिंकला. चार वर्षं लागली. बार्कलीचा रस्ता पीटरसनपेक्षा कमी दर्जाचा आहे, असं मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडच्या तालमींत गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या मुलांच्या हातीही हे पुस्तक पडेल. त्यांच्या आईवडिलांना आणि वस्तादांना माझी विनंती आहे की पीटरसनचं प्रकरण वाचताना बार्कलीचंही वाचावं, आणि मुलाला घाई करू नये.

हे पीटरसनचं चरित्र नाही, हेही सांगून ठेवतो. २०१४ मध्ये आपल्या लहान मुलाला मारहाण केल्याच्या खटल्यामुळे तो जवळजवळ अख्खा मोसम मैदानाबाहेर होता. ती गोष्ट गंभीर आहे आणि मैदानावरच्या यार्डांनी ती पुसली जात नाही. इथे तिचा उल्लेख आहे, तिच्यावर पांघरूण नाही. माझा विषय एक मोसम आणि त्यात समोर उभ्या राहिलेल्या बचावफळ्या एवढाच आहे. खेळांवरच्या आपल्या लिखाणात बहुधा नायकाचीच बाजू येते. त्याला अडवणाऱ्यांनी रात्र रात्र जागून काय आखलं, कुठे पाऊल चुकलं, कुठे बरोबर पडलं, हे फार थोडं लिहिलं जातं. मला त्या माणसांबद्दल आदर आहे, आणि या पुस्तकातली अर्धी पानं त्यांची आहेत.

पहिलं प्रकरण ९ सप्टेंबर २०१२ च्या सामन्यापासून सुरू होतं. सामन्याचं चित्रीकरण मिळालं तर शेजारी लावून ठेवा. चेंडू हलायच्या आधी थांबवा, २८ नंबरवरून नजर काढा आणि मागे उभ्या असलेल्या दोन सेफ्टींचे पाय बघा.